नाळेचं कौतुक, वारेची गोष्ट

विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला बाळाचं सगळं मोजून झालं. हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं, मांडीचं हाड. "बाळ अगदी छान आहे," स्कॅन करणारी बाई म्हणाली. मग तिने प्रोब जरा खाली सरकवला, स्क्रीनकडे बघत थांबली आणि म्हणाली, "प्लासेंटा थोडा खाली आहे. घाबरू नका, बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतोच. नोव्हेंबरचे दिवस, मँचेस्टरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडलेला. घरी येऊन कोट काढायच्या आधी कराडला आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

"आई, प्लासेंटा खाली आहे म्हणाल्या."

"प्लासेंटा म्हणजे वार ना?"

"हो, वार."

"अगं, मग सांग की वार खाली आहे! माझीही होती तुझ्या वेळी. सरकली नंतर वर. जड काही उचलू नकोस, आणि गुगल करत बसू नकोस."

पहिली सूचना मी पाळली. दुसरी पाळणं मला शक्य नव्हतं. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेल्या मुलीला बारा आठवडे थांब म्हणून सांगितलं, तर ती त्या बारा आठवड्यांत काय करणार? वाचणारच.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात आली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. आपण परदेशात राहणारी मंडळी 'नाळ' हा शब्द किती वापरतो! मातीशी नाळ, भाषेशी नाळ, गावाशी नाळ. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातलं एक भाषण नाळेशिवाय पूर्ण होत नाही. पण खरी नाळ आईला थेट जोडलेली नसतेच. तिचं एक टोक बाळाच्या बेंबीला आणि दुसरं वारेला. आई आणि बाळ यांच्यामध्ये उभी असते ती वार. आणि ती वार बनते बाळाच्या पेशींपासून, म्हणजे निम्मी माझ्या नवऱ्याच्या जनुकांची. नऊ महिन्यांपुरता उभा राहणारा हा अवयव बाळाचं फुफ्फुस, मूत्रपिंड, आतडं अशी सगळी कामं करतो, वर संप्रेरकंही बनवतो. आणि काम संपलं की टाकून दिला जातो. नाळेचं कौतुक एवढं, आणि वारेचं नाव कोणी घेत नाही.

वारेची रचना झाडासारखी असते. खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि ते सगळं झाड आईच्या रक्तात बुडालेलं. दिवस भरेपर्यंत या फांद्यांचा पृष्ठभाग दहा-बारा चौरस मीटर होतो, म्हणजे एका छोट्या खोलीच्या जमिनीएवढा. आईचं रक्त बाहेरून वाहतं, बाळाचं आतून, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मधे असतो एक पातळ पापुद्रा. या पापुद्र्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात पेशींच्या भिंतीच नाहीत. असंख्य पेशी एकमेकींत मिसळून एकच सलग थर झालेला असतो. दोन पेशींच्या मधली फटच नाही, त्यामुळे नको ते काही मधून घुसायला वाव कमी.

पेशी अशा एकमेकींत मिसळतात कशा? त्यासाठी सिन्सायटिन नावाचं प्रथिन लागतं. २००० साली 'नेचर'मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून एक भलतीच गोष्ट समोर आली. या प्रथिनाचं जनुक मुळात आपलं नाही. ते एका विषाणूचं आहे.

इथे मी लॅपटॉप बंद केला आणि चहा करून आले. पोटात बाळ, बाळाची वार, आणि वारेत विषाणूचं जनुक. पचायला जरा वेळ लागला.

गोष्ट अशी आहे. रेट्रोव्हायरस नावाचं विषाणूंचं एक घराणं आहे. एचआयव्ही याच घराण्यातला. हे विषाणू पेशीत शिरले की आपल्या माहितीची डीएनए-प्रत बनवतात आणि ती पेशीच्या गुणसूत्रात चिकटवून देतात. एरवी ती पेशी मेली की विषय संपला. पण कधी काळी, लाखो वर्षांतून एखाद्या वेळी, हे चिकटवणं बीजांडाच्या किंवा शुक्राणूच्या पेशीत घडतं. मग ती प्रत मुलाकडे जाते, नातवाकडे जाते, आणि हळूहळू सगळ्या जातीची होऊन बसते. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या माकड-पूर्वजांच्या जीनोममध्ये असाच एक विषाणू येऊन बसला. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला स्वतःचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक प्रथिन असतं. विषाणू केव्हाच मोडीत निघाला. त्याचं ते घुसखोरीचं हत्यार मात्र शिल्लक राहिलं, आणि वारेने ते पेशी जोडायच्या कामाला लावलं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी हे सगळं आईला सांगितलं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी प्रश्न विचारायची सवय गेलेली नाही.

"मग अडीच कोटी वर्षांच्या आधी माकडांना पिल्लं होत नव्हती का?"

प्रश्न अगदी नेमका होता. होत होती. त्याआधी दुसऱ्या एका विषाणूचं जनुक हेच काम करत होतं, ते आजही आपल्या वारेत आहे. आणि फक्त आपल्याकडेच नाही. उंदरांच्या वारेत अशी दोन प्रथिनं आहेत, पण ती वेगळ्याच विषाणूंकडून आलेली. सशांची वेगळी, कुत्र्या-मांजरांची वेगळी, गाई-मेंढ्यांची वेगळी. फ्रान्समधल्या थिएरी आयदमान यांच्या गटाने २००९ साली उंदरांमधलं यातलं एक जनुक काढून टाकून पाहिलं. वार नीट बनली नाही आणि पिल्लं पोटातच दगावली. म्हणजे एकाच कामासाठी वेगवेगळ्या प्राण्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे विषाणू कामाला जुंपले.

"उपऱ्यांनी घर सांभाळलं म्हण की," आई म्हणाली.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मी ज्या प्रणालीवर काम करते तिचा बराच कोड माझ्या आधीच्या लोकांनी लिहिलेला आहे. त्यातले निम्मे केव्हाच नोकरी सोडून गेले. तोच तुकडा चाळीस ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेला सापडतो. काही तुकडे कोणी वापरतच नाही असं वाटतं. नवखा इंजिनीअर येतो आणि उत्साहाने म्हणतो, हा कचरा काढून टाकू. काढतो. आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच टोकाचं काहीतरी बंद पडतं. मग कळतं, त्या कचऱ्यातल्या एका ओळीवर कोणीतरी आपलं काम टांगून ठेवलेलं होतं.

आपला जीनोम हा असाच जुना कोड आहे, पण प्रमाण ऐकून माझी झोप उडाली. सुमारे ३०० कोटी अक्षरांचा हा मजकूर. त्यात प्रथिनं बनवण्याच्या प्रत्यक्ष सूचना २ टक्क्यांहूनही कमी. आणि इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या किंवा स्वतःच्या प्रती काढणाऱ्या तुकड्यांपासून बनलेला भाग जवळजवळ निम्मा! २००१ साली मानवी जीनोमचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, त्यातच हा आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास होता. 'अलू' नावाचा एक तुकडा आहे, फक्त ३०० अक्षरांचा. त्याच्या आपल्यात १० लाखांहून जास्त प्रती आहेत. 'लाइन-१' नावाचा दुसरा, त्याच्या ५ लाखांच्या आसपास प्रती. बहुतेक मोडक्या, पण ८० ते १०० अजूनही उडी मारायला सक्षम. आणि जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष ८ टक्के. म्हणजे प्रथिनांसाठी आपण जितका डीएनए वापरतो, त्याच्या चौपट आपल्यात विषाणूंची थडगी आहेत.

या उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा शोध लावला बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी, आणि तोही मक्याच्या कणसात. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे १९४० च्या दशकात त्या मक्यावर काम करत होत्या. काही कणसांमध्ये दाण्यांवर रंगाचे ठिपके आणि छटा यायच्या. एकाच दाण्याचा काही भाग जांभळा, काही फिका. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघून आणि पिढ्यान्‌पिढ्या संकर करून त्यांनी दाखवलं की डीएनएचा एक तुकडा आपली जागा सोडून रंगाच्या जनुकात जाऊन बसतो, तेव्हा रंग बंद होतो. दाणा वाढत असताना तो तुकडा निघून गेला की तिथून पुढच्या पेशींमध्ये रंग परत सुरू. म्हणून ठिपके.

१९५१ च्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा फारसं कोणी समजून घेतलं नाही. जनुकं म्हणजे दोरीत ओवलेले मणी, आपापल्या जागी पक्के, असा तेव्हाचा समज. पुढे त्यांनी या विषयावर लिहिणंही कमी केलं, पण मका लावणं थांबवलं नाही. १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना एकटीला नोबेल मिळालं. यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी या तुकड्यांना 'उडणारी जनुकं' असं नाव दिलंच नव्हतं. त्या त्यांना 'नियंत्रक घटक' म्हणायच्या. उडी मारणं ही त्यांच्या दृष्टीने वरवरची गोष्ट होती. खरा मुद्दा असा, की हे तुकडे जिथे बसतात तिथलं जनुक चालू-बंद करतात. उडी मारतात हे जगाने मान्य केलं, पण नियंत्रणाच्या बाजूकडे लक्ष जायला आणखी बराच काळ गेला.

आमच्या या मँचेस्टरचंही याच्याशी जुनं नातं आहे. १८४८ साली इथे एक काळा पतंग सापडला. त्या जातीचे पतंग एरवी पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले. पण गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडं काळवंडली, काळे पतंग पक्ष्यांच्या नजरेतून वाचले, आणि शतक संपेपर्यंत इथले बहुतेक सगळे पतंग काळे झाले होते. शाळेच्या पुस्तकात आपण हे शिकलोय. तो काळा रंग आला कुठून, हे मात्र २०१६ साली शेजारच्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या गटाने शोधलं. सुमारे २२ हजार अक्षरांचा एक उडी मारणारा तुकडा एका जनुकात जाऊन बसला होता. त्यांच्या अंदाजाने ही उडी १८१९ च्या सुमारास पडली असावी. एक उडी, आणि पतंगाचा रंग बदलला.

पण पतंग वेगळा आणि आपण वेगळे. माझा प्रश्न वारेचा होता.

माझ्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए तोच. फरक इतकाच, की इथे काही जनुकं चालू आहेत, तिथे दुसरीच. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार. एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीकडेही साधारण तेवढीच! म्हणजे माणूस आणि कृमी यांच्यातला फरक जनुकांच्या संख्येत नाही. कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती चालवायचं, यात तो बराचसा आहे. हे ठरवणारे स्विच जनुकांच्या आजूबाजूच्या डीएनएमध्ये असतात, काही तर बरेच लांब.

आता कल्पना करा, एखाद्या नव्या अवयवासाठी शेकडो जनुकं एकाच वेळी, एकाच इशाऱ्यावर चालू करायची आहेत. एकेक अक्षर बदलत प्रत्येक जनुकाजवळ तोच स्विच नव्याने घडवायचा, तर किती काळ लागेल? पण उडी मारणाऱ्या तुकड्याकडे स्वतःचा स्विच असतो. तो असावाच लागतो, कारण पेशीच्या यंत्रणेने आपल्याला वाचावं, आपल्या प्रती निघाव्यात, हीच त्याची धडपड. तो जिथे जाईल तिथे स्विचसकट जातो. हजार प्रती झाल्या की हजार ठिकाणी तोच स्विच पसरला. त्यातले बहुतेक निरुपयोगी, काही घातक, पण थोडे नेमके उपयोगी जागी. रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनी १९६९ सालीच असं सुचवलं होतं, की जीनोममधले पुन्हा पुन्हा येणारे तुकडे जनुकांच्या नियंत्रणाचं जाळं विणत असावेत. तेव्हा पुरावा नव्हता. नंतर बरीच वर्षं या तुकड्यांची 'कचरा' आणि 'स्वार्थी डीएनए' अशीच ओळख राहिली.

पुरावा मिळाला तो गर्भाशयात. अमेरिकेत ओपॉसम नावाचा पिशवीवाला प्राणी आहे. त्याची गरोदरपणाची मुदत जेमतेम दोन आठवडे. पिल्लू दाण्याएवढं असतानाच बाहेर येतं आणि बाकीची वाढ आईच्या स्तनाला चिकटून करतं. आपल्यासारख्या, म्हणजे उंदरापासून हत्तीपर्यंतच्या सस्तन प्राण्यांमध्ये बाळ सहसा त्याहून जास्त काळ आत राहतं. त्यासाठी आईच्या गर्भाशयाच्या अस्तराला रूप बदलावं लागतं. प्रोजेस्टेरॉनचा इशारा मिळाला की तिथल्या पेशी फुगतात, वेगळी प्रथिनं बनवू लागतात, आणि निम्म्या परक्या गर्भाला स्वीकारतात.

येल विद्यापीठातल्या व्हिन्सेंट लिंच, गुंटर वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ओपॉसम, आर्माडिलो आणि माणूस यांच्या अस्तरातल्या पेशींची तुलना केली. वार असलेल्या प्राण्यांमध्ये दीड हजारांहून अधिक जनुकं या अस्तरात नव्याने कामाला लागलेली दिसली. लक्षात घ्या, जनुकं नवी नव्हती. दुसरीकडे आधीपासून काम करणारीच होती, इथे मात्र नव्याने रुजू झाली. आणि त्यातल्या सुमारे १३ टक्के जनुकांच्या आसपास एकच उडी मारणारा तुकडा बसलेला होता, त्याचं नाव 'एमईआर-२०'. या तुकड्यात प्रोजेस्टेरॉनच्या इशाऱ्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा आहेत. हा तुकडा, गंमत म्हणजे, मॅकक्लिंटॉकबाईंच्या मक्यातल्या तुकड्याच्याच घराण्यातला. आज तो निपचित पडलेला आहे, उडी मारू शकत नाही. पण त्याने पसरवलेले स्विच जागच्या जागी आहेत. याच लोकांनी २०१५ साली आणखी तपास केला तेव्हा असे इतरही अनेक जुने तुकडे या कामात गुंतलेले आढळले.

वाचता वाचता मी माझ्या पोटावर हात ठेवला. माझं अस्तर या घडीला जे करत होतं, त्यातल्या बऱ्याच सूचना कोणे एके काळी फक्त स्वतःच्या प्रती काढायला आलेल्या पाहुण्यांच्या होत्या.

आणखी एक उदाहरण थेट माझ्या ड्यू डेटपर्यंत आलं. माणसाच्या वारेत सीआरएच नावाचं संप्रेरक बनतं, आणि बाळंतपणाच्या वेळेशी त्याचा संबंध जोडला जातो. उंदरांच्या वारेत ते बनत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाचं हे जनुक, आजूबाजूच्या डीएनएसकट, उंदरांमध्ये घातलं गेलं. उंदरांच्या वारेत सीआरएच बनू लागलं आणि त्यांचं बाळंतपण लांबलं. मग त्या डीएनएमधून 'टीएचई-१बी' नावाचा एक जुना, विषाणूसारखा तुकडा तेवढा कापून काढला. वारेतलं सीआरएच खाली आलं आणि उंदीर पुन्हा वेळेवर बाळंत होऊ लागले. जनुक तसंच होतं, गेला होता फक्त स्विच.

हे सगळं वाचून भारावून जायचा धोका असतो, म्हणून दुसरी बाजूही सांगते. हे तुकडे कोणाच्या भल्यासाठी आलेले नाहीत. १९८८ साली अमेरिकेत हेग काझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाचे २४० रुग्ण तपासले. त्यातल्या दोघांमध्ये रक्त गोठवणाऱ्या जनुकात लाइन-१ ची ताजी उडी पडलेली सापडली, आई-वडिलांमध्ये नसलेली. म्हणजे उड्या आजही पडतात, आणि त्यातून रोगही होतात. म्हणून पेशी या तुकड्यांना सतत दाबून ठेवते. आम्ही प्रोग्रॅमर नको असलेली ओळ पुसत नाही, तिच्या सुरुवातीला खूण करून ठेवतो. ओळ दिसते, पण चालत नाही. पेशीही तेच करते, डीएनएवर मिथाइल नावाची छोटी रासायनिक खूण चिकटवते.

ही खूण लागली नाही तर काय होतं, हे उंदरांच्या एका वाणात उघड दिसतं. त्यांच्या केसांच्या रंगाच्या जनुकाजवळ असाच एक तुकडा बसलेला आहे. तो दाबलेला असेल तर उंदीर तपकिरी, निरोगी. मोकळा असेल तर पिवळा, लठ्ठ. जनुकं दोघांची तीच! २००३ साली ड्यूक विद्यापीठात गाभण उंदरिणींना फॉलिक ॲसिड, बी-१२ वगैरे जास्तीचं खाऊ घातलं, तर तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं. मी रोज फॉलिक ॲसिडची गोळी घेत होते, त्यामुळे हा प्रयोग दोनदा वाचला. उंदरांचं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही. डॉक्टर आपल्याला ही गोळी देतात ती बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीसाठी. पण आई काय खाते त्याचा परिणाम एका पुरातन उपऱ्या तुकड्याच्या चालू-बंद होण्यावर झाला, हे वाचून मी ताटातला पालक निमूट संपवला.

आणि हेही खरं, की जीनोममधल्या लाखो प्रतींपैकी बहुतेक काहीच करत नाहीत. एखादा तुकडा जनुकाजवळ बसलाय म्हणजे तो स्विचच आहे असं नाही. तो कापून काढून काय बदलतं ते पाहावं लागतं, टीएचई-१बी च्या बाबतीत केलं तसं.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखंच की. पैसे कमवायला गेलात, आणि तिथलं काहीतरी चालवून बसलात."

ही उपमा आपल्याला आवडते, मलाही आवडली. पण ती पुरती बसत नाही. आपण व्हिसा काढून, मुलाखत देऊन आलो. हे तुकडे न विचारता घुसले, त्यांनी रोगही दिले, आणि त्यांना कामाला लावायला कोट्यवधी वर्षं गेली. त्या काळात ज्यांचं नुकसान झालं ते वंश आज सांगायला शिल्लक नाहीत. निसर्गात कोणी वास्तुविशारद नसतो. हाताशी जे पडलेलं असेल, ते जर कामाला आलं, तर राहतं. चोराचं हत्यार कुलूप म्हणून वापरणारं घर, असं म्हणा हवं तर.

फेब्रुवारीत बत्तिसाव्या आठवड्याचं स्कॅन झालं. वार वर गेली होती. म्हणजे ती काही सरपटत वर जात नाही. गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो, ताणला जातो, आणि वारेचं तोंडापासूनचं अंतर वाढतं. विसाव्या आठवड्यात ज्यांची वार खाली असते त्यांच्यापैकी दहातल्या नऊ जणींचं असंच होतं. उरलेल्या एकीला मात्र रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही. कोणा वाचक मैत्रिणीला हे ऐकावं लागलं असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

मार्चमध्ये आई आली, डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन. एप्रिलमध्ये मुलगी झाली. तिला माझ्या छातीवर ठेवलं, नवऱ्याने नाळ कापली, त्याचा फोटोही काढला गेला. नाळेचं कौतुक इथेही तेवढंच. थोड्या वेळाने वार पडली. मिडवाइफने ती ट्रेमध्ये पसरून उलटसुलट करून नीट तपासली, कुठला तुकडा आत राहिलेला नाही ना म्हणून. मग मला विचारलं, "बघायचीय का? बऱ्याच जणींना नको असतं."

मी हो म्हणाले. गडद लाल, ताटलीएवढी, अर्ध्या किलोच्या आसपासची. वरच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं झाड स्पष्ट दिसत होतं.

आई बाजूला उभी होती. तिने वाकून पाहिलं. "आमच्या गावाकडे पुरायचे वार," ती म्हणाली. "माझीही आजीने परसात पुरली होती. कोणी बघू नये म्हणायची." मग जरा थांबून विचारलं, "यातच का गं ते तुझे विषाणू?"

"यातच," मी म्हटलं. "तुझ्यातही होते. म्हणून मी आहे."

आईने ट्रेकडे बघून हात जोडले. मिडवाइफला काय चाललंय ते कळलं नाही, पण ती ट्रे धरून थांबली. मग आई माझ्याकडे वळली, "आता झोप जरा, वाचत बसू नकोस."